दहा मिनिटं चाललं की पाय घासायला लागतो

वाचकाचा प्रश्न: पत्र अकोल्याच्या एका ३९ वर्षांच्या शिक्षिकेचं आहे. त्या अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवतात. सहा वर्षांपूर्वी त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस असल्याचं निदान झालं. औषधं नियमित सुरू आहेत आणि गेल्या दोन वर्षांत नवा झटका (लक्षणं अचानक उफाळून येणं) आलेला नाही. सकाळी घरातून निघताना चाल जवळपास पूर्वीसारखी असते. आठ-दहा मिनिटं चाललं की उजव्या पायाचा चवडा घासायला लागतो, चप्पल निसटते आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गापर्यंत पाय अक्षरशः ओढत न्यावा लागतो. डॉक्टरांच्या खोलीत मात्र सगळं ठीक दिसतं. यजमानांचं म्हणणं, रोज पाच किलोमीटर चाललंच पाहिजे, नाहीतर पाय कायमचा जाईल. त्याप्रमाणे त्या संध्याकाळी चालतात आणि गेल्या महिन्यात दोनदा पडल्या. नणंदेने आणून दिलेली काठी कपाटात पडून आहे, कारण "एकदा हातात आली की सुटत नाही" असं सगळे सांगतात. त्या विचारतात: आणखी नेटाने चालू की थांबू? काठी घेऊ का? आणि शाळेत सांगू का?

प्रिय ताई,

सकाळी पाय ठीक असतो आणि आठ-दहा मिनिटांनी घासतो, हे तुम्ही ओघात लिहून गेलात. पण तुमच्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तेच आहे. पाय नुसता अशक्त असता तर पहिल्या पावलापासून घासला असता. इच्छाशक्ती कमी पडत असती तर तो असा ठरावीक वेळाने, तोही एकच पाय, घासला नसता. तेव्हा "मीच कमी पडते का" ही शंका आधी बाजूला ठेवा.

एमएसमध्ये मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण जागोजागी खराब होतं. अशा तंतूतून संदेश जातो, पण जेमतेम जातो. चालताना तोच संदेश त्याच तंतूतून पावलागणिक पाठवावा लागतो. मग तंतूच्या आत सोडियम साठत जातं, ते बाहेर काढणारा पंप जोरात चालू लागतो आणि त्या भरात तंतू पुढचा संदेश नेईनासा होतो. त्यात चालून अंग तापतं. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी आवरण गेलेल्या भागात संदेश अडकू शकतो. व्यायामानंतर काही रुग्णांची नजर तात्पुरती अंधुक होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथहॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवलं होतं. आज उष्णतेने लक्षणं वाढण्याला त्यांचंच नाव आहे. तुमच्या पायाचं तेच होतंय. थोडं बसलं, अंग गार झालं की पाय परत येतो आणि या तात्पुरत्या अडथळ्याने आवरणाला नवी इजाही होत नाही. इजा होते ती पडल्याने.

डॉक्टरांना का दिसत नाही, याचं उत्तरही इथेच आहे. तुम्ही पंखा नाहीतर एसी असलेल्या खोलीबाहेर अर्धा-पाऊण तास बसता, मग आत जाऊन दहा पावलं चालून दाखवता. ती तुमची दिवसातली सर्वांत चांगली दहा पावलं असतात. पुढच्या भेटीत सरळ सांगा, "मी आधी सहा मिनिटं बाहेर चालून येते, मग तपासा."

यजमानांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. एमएसच्या रुग्णांना एकेकाळी व्यायाम टाळून विश्रांती घ्यायला सांगत आणि त्यात न वापरलेले स्नायू खरोखरच रोडावत. आता सल्ला उलटा आहे: हालचाल मध्यम प्रमाणात बाधित असलेल्या प्रौढांनी आठवड्यातून दोनदा प्रत्येकी ३० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम करावा. म्हणजे चालायचं आहेच. चूक आहे ती सलग पाच किलोमीटरच्या हट्टात. पाय घासायला लागल्यानंतरच्या प्रत्येक पावलात तुम्ही वाकड्या चालीचा सराव करत असता. कंबर उचलून, पाय बाहेरून अर्धगोल फिरवून, दुसऱ्या पायाच्या चवड्यावर उंच होऊन शरीर कसंबसं निभावून नेतं. या प्रत्येक तडजोडीला जास्त ऊर्जा लागते, अंग आणखी तापतं आणि पाय आणखी घासतो.

तेव्हा चाल तुकड्यांत विभागा. एमएसच्या रुग्णांना एकदा सलग सहा मिनिटं आणि एकदा मध्ये विश्रांती घेत दोन-दोन मिनिटांचे तीन टप्पे चालवून पाहिलं गेलं आहे. चालण्याचा वेळ तेवढाच असूनही टप्प्याटप्प्याने चालताना अंतर जास्त कापलं गेलं आणि थकवा कमी आला. तुमचं माप असं काढा: सपाट रस्त्यावर नेहमीच्या वेगाने निघा आणि पहिल्यांदा "खर्र" असा आवाज ऐकू आला की घड्याळ बघा. तीन वेगवेगळ्या दिवशी, एकाच वेळेला हे करा. समजा आकडा साधारण आठ मिनिटं निघाला, तर एक टप्पा पाच मिनिटांचा ठेवा. पाच मिनिटं चाला, दोन-तीन मिनिटं बसा, पुन्हा पाच मिनिटं. बसायचं म्हणजे बसायचंच, उभं राहून फोनवर बोलायचं नाही. असे तीन टप्पे दोन आठवडे न घासता जमले की टप्पा एक मिनिटाने वाढवा. आवाज आला की त्या दिवसाचं चालणं संपलं, मग किलोमीटर कितीही झालेले असोत.

आता पाय नेमका कुठे अडतो ते बघू, कारण उपाय त्यावर ठरतो आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. पाय मागून पुढे येताना चवडा एका क्षणी जमिनीच्या अगदी जवळून जातो. निरोगी चालीतही तिथे अंतर असतं १ ते २ सेंटीमीटर, आणि नेमकं त्याच वेळी पाऊल जवळपास पूर्ण वेगात असतं. म्हणून पायपुसण्याची दुमडलेली कड किंवा उंबऱ्याचा जरासा उंचवटाही माणसाला पाडतो. हे एक-दोन सेंटीमीटर खुबा, गुडघा आणि घोटा हे तीन सांधे मिळून राखतात. चवडा घासला की सगळे घोट्याकडे बोट दाखवतात, पण गुडघाही तितकाच जबाबदार असू शकतो. पाय पुढे येताना गुडघा सुमारे ६० अंशांत वाकतो आणि त्यासाठी त्याला स्वतःचा जोर फारसा लागत नाही. पोटरीने मागून दिलेला रेटा आणि खुब्याने पुढे ओढलेली मांडी यामुळे तो आपोआप वाकतो. पोटरीचा रेटा कमी पडला, खुब्याचा स्नायू थकला किंवा मांडीचा पुढचा स्नायू ताठर झाला, की गुडघा पुरेसा वाकत नाही आणि घोटा शाबूत असूनही चवडा घासतो. अशा पायाला घोट्याचा पट्टा लावला तर पैसे जातात, पाय घासायचा राहत नाही.

तुमची उजवी चप्पल उलटी करून बघा. अंगठ्याच्या टोकाशी तळ झिजला असेल तर चवडा उचलला जात नाही किंवा गुडघा वाकत नाही. करंगळीकडची कड झिजली असेल तर पाऊल आत वळतंय, म्हणजे ताठरपणाही आहे आणि घोटा मुरगळण्याचा धोकाही. मग कान द्या. टाच टेकल्यावर चवडा फरशीवर "पट्" असा आपटत असेल तर नडगीवरचा, चवडा उचलणारा स्नायू थकला आहे.

यानंतर घरच्या कुणालातरी व्हिडिओ काढायला सांगा. साडी नको, गुडघा दिसेल असे कपडे घाला. फोन गुडघ्याच्या उंचीवर धरून एकदा बाजूने आणि एकदा मागून, सुरुवातीची दहा पावलं आणि घासायला लागल्यानंतरची दहा पावलं टिपा. दोन्ही शेजारी ठेवून बघितलं की तज्ज्ञाला पाच मिनिटांत कळतं. आणखी एक गोष्ट बघा: उजव्या पायावर भार असताना गुडघा झटक्याने मागे जातो का? पोटरी ताठर असली की नडगी पावलावरून पुढे झुकत नाही, मग गुडघाच मागे ढकलला जातो. हे वर्षानुवर्षं चाललं तर गुडघ्याच्या मागचे बंध सैल पडतात, म्हणून ते लवकर थांबवायला हवं.

पण पाय घासतो म्हणजे एमएसच, असं गृहीत धरू नका. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. चवडा उचलणाऱ्या स्नायूची नस तिथून, कातडीच्या अगदी खालून जाते. तासन्‌तास मांडी घालून, पायावर पाय टाकून किंवा उकिडवं बसल्याने ती दाबली जाऊ शकते. असं असेल तर पाय सकाळपासून सारखाच पडलेला राहतो आणि पावलाच्या वरच्या भागाला बधिरपणा येतो. तुमचं लक्षण वेळेनुसार बदलतं, त्यामुळे ही शक्यता कमी वाटते. तरी न्यूरोलॉजिस्टना विचारा.

व्यायामात पोटरीला रोज वेळ द्या. भिंतीला हात टेकून उजवा पाय मागे घ्या, टाच जमिनीला घट्ट, गुडघा सरळ. पोटरीत ताण जाणवेल तिथे ४५ ते ६० सेकंद थांबा. मग त्याच स्थितीत गुडघा थोडा वाकवून पुन्हा तेवढाच वेळ. पोटरीत एकाखाली एक असे दोन स्नायू आहेत आणि गुडघा वाकवल्याशिवाय खालचा नीट ताणला जात नाही. प्रत्येकी तीन वेळा. ताण हळूहळूच द्यायचा, कारण ताठर स्नायू झटक्याने ताणला की उलट आखडतो आणि पाऊल थडथड उडायला लागतं. ताकदीसाठी आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून: खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, बसून मांडी वर उचलणं, ओट्याला धरून टाचा उचलणं. प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, आणि एक फेरी झाली की दोन मिनिटं विश्रांती. व्यायाम चालण्याच्या आधी करू नका, थकलेल्या पायाने चालायला निघाल तर पहिल्या मिनिटालाच घासेल.

पट्ट्यांबद्दल. घोट्याला आधार देणाऱ्या स्प्लिंटला ऑर्थोटिस्ट, म्हणजे अशी आधाराची साधनं बनवणारे तज्ज्ञ, एएफओ म्हणतात. नुसता चवडा पडत असेल आणि पोटरी मऊ असेल, तर मागून पातळ पट्टी असलेला हलका एएफओ किंवा बुटाच्या लेसला अडकवायचा लवचीक पट्टा पुरतो. पोटरी ताठर असेल तर पातळ पट्टी वाकते आणि पाऊल आत वळतंच. तिथे जाड, घोट्याच्या दोन्ही बाजूंनी येणारा एएफओ लागतो. त्यासाठी बूट अर्धा ते एक नंबर मोठा घ्यावा लागतो. आपल्याकडे घरात चप्पल घालत नाहीत, त्यामुळे एएफओ दाराशीच उतरतो आणि नेमकं घरात पडायला होतं. घरापुरता मागून पट्टा असलेला एक सँडल वेगळा ठेवा. मागून मोकळी स्लिपर आजपासून बंद, तिला धरून ठेवायला बोटं आवळावी लागतात आणि चवडा खालीच राहतो. नवा एएफओ पहिल्या दिवशी एक तासच वापरा आणि काढल्यावर कातडी बघा. लाली २० मिनिटांनंतरही टिकली तर तो घासून बसवून घ्यावा लागेल. पायाला बधिरपणा असेल तर जखम कळतसुद्धा नाही, म्हणून हे बघणं टाळू नका. मुंबईला जाणं होत असेल तर हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत अशी साधनं मापावर बनवून मिळतात.

मघाशी सांगितलेल्या त्याच नसेला चालताना विजेचा हलका झटका देऊन चवडा उचलवणारं यंत्रही मिळतं. टाच उचलली की ते सुरू होतं, टेकली की बंद. एमएसमध्ये बिघाड मज्जारज्जूत किंवा मेंदूत असतो, पायातली नस शाबूत असते, म्हणून ते चालतं. ते महाग आहे, तेव्हा चालून बघितल्याशिवाय विकत घेऊ नका. पेसमेकर असलेल्यांनी ते वापरू नये.

आता काठी. "हातात आली की सुटत नाही" हा अनुभव लोकांना येतो, पण कारण उलटं असतं. बहुतेक जण दोन-तीनदा पडल्यावर, चाल बरीच ढासळल्यावर काठी घेतात आणि मग ती सुटत नाही. तुम्हाला ती पहिल्या आठ मिनिटांसाठी नकोच आहे. घडीची काठी पर्समध्ये ठेवा आणि बाजारात, समारंभात, परतीच्या वाटेवर काढा. ती डाव्या हातात धरायची. उजवा पाय आणि काठी एकदम पुढे, मग डावा पाय. उंचीचं माप असं: पादत्राण घालून सरळ उभ्या राहा, हात सैल सोडा, मनगटाच्या घडीपर्यंत काठीची मूठ यायला हवी. काठी धरल्यावर कोपर किंचित, २० ते ३० अंशांत वाकलेलं राहतं. नणंदेने आणलेली काठी या मापाने बघा, कारण तयार काठ्या बहुधा लांब असतात आणि खांदा उचलून चालावं लागतं. टोकाच्या रबराची नक्षी झिजली की ते बदलायचं, ओल्या फरशीवर गुळगुळीत रबर सरकतं. जिन्यात चढताना आधी डावा पाय, उतरताना आधी उजवा, आणि कठडा धरायचाच.

तुमच्या दोन पडण्यांबद्दल तुम्ही एवढंच लिहिलंय की त्या संध्याकाळी झाल्या. संध्याकाळी दिवसभराचा थकवा असतो, अंग तापलेलं असतं आणि उजेड कमी असतो. एमएसमध्ये पावलाकडून येणारी जाणीव मंद होते आणि तोल बराचसा डोळ्यांवर येऊन पडतो. न्हाणीघरात तोंडाला साबण लावून डोळे मिटले की डोलायला होतं का, ते बघा. होत असेल तर तिथे स्टूल, भिंतीला पक्का दांडा, आणि रात्री पलंगापासून संडासपर्यंत मंद दिवा. आंघोळीचं पाणी कोमट ठेवा. गरम पाण्याने पाय इतके लुळे पडू शकतात की एकेकाळी गरम पाण्याच्या टबात बसवून एमएसची चाचणी करत असत.

अकोल्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा संध्याकाळी सातलाही रस्ता तापलेला असतो. चालणं पहाटे सहाला हलवा. निघण्याआधी ग्लासभर गार पाणी प्या, गळ्याभोवती ओला पंचा गुंडाळा. व्यायामाआधी थंड पाण्याने आंघोळ केली तर पाय जास्त वेळ साथ देतो.

औषधांचे निर्णय न्यूरोलॉजिस्टचे, पण काय विचारायचं ते माहीत असावं. फॅम्प्रिडिन, म्हणजेच डालफॅम्प्रिडिन, हे चालण्याचा वेग वाढवणारं औषध आहे. मात्रा १० मिलिग्रॅमची गोळी, १२ तासांच्या अंतराने दोनदा. गोळी तोडायची किंवा चावायची नाही. फरक साधारण तिघांपैकी एकाला पडतो. फिट आलेल्या किंवा मूत्रपिंडाचं काम कमी असलेल्या रुग्णाला हे देत नाहीत. ताठरपणासाठी बॅक्लोफेन किंवा टिझॅनिडिन देतात. पण कधीकधी त्या ताठरपणावरच पाय उभा असतो आणि मात्रा वाढली की गुडघा दुमडतो. असं झालं तर मात्रेबद्दल लगेच बोला. बॅक्लोफेन मनाने एकदम बंद करू नका, ते धोक्याचं आहे.

फरक पडतोय की नाही, हे अंदाजाने ठरवू नका. घरात किंवा शाळेच्या व्हरांड्यात २५ फूट, म्हणजे ७.६२ मीटरवर दोन खुणा करा. महिन्यातून एकदा, त्याच वेळेला, शक्य तितक्या भरभर पण सुरक्षितपणे चालून सेकंद मोजा. वेळेत २० टक्क्यांहून जास्त फरक पडला तर तो खरा मानतात. त्याच्या शेजारी पहिला आवाज कितव्या मिनिटाला आला तेही लिहा. तुमच्यासाठी मला हा दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो.

चाल अचानक बिघडली आणि २४ तासांहून जास्त टिकली, तर आधी ताप, लघवीचा संसर्ग आणि बद्धकोष्ठ तपासा. एमएसमध्ये लघवीचा संसर्ग जळजळ न होताही असू शकतो आणि पाय ताठर करतो. तो नसेल तर नवा झटका असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

शाळेत सांगावं, असं माझं मत आहे. आज तुम्ही दोन्ही हातांत वह्यांचा गठ्ठा घेऊन, मुलांशी बोलत जिना चढता. पावलं दिसत नाहीत, कठडा धरता येत नाही आणि लक्ष दुसरीकडे असतं. एमएसमध्ये चालता चालता बोललं की चाल मंदावते आणि पाऊल चुकतं, हे चांगलं माहीत झालेलं आहे. सांगितलंत तर तळमजल्यावरचा वर्ग आणि लागोपाठ तासांऐवजी मध्ये एक मोकळा तास मिळू शकतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिस नावाने नोंदलेलं आहे. सरकारी अनुदान घेणारी संस्था त्या कायद्यात सरकारी आस्थापनेत मोडते. कर्मचाऱ्याला वाजवी सोय करून देणं तिच्यावर बंधनकारक आहे आणि नोकरीत असताना आलेल्या अपंगत्वामुळे कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही की पद कमी करता येत नाही. युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करता येतो. किमान ४० टक्के अपंगत्वाची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे, वर्ग खाली मागण्यासाठी नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते, मुंबई-पुण्यात तिच्या शाखा आहेत, आणि अशा अर्जांमधून गेलेली माणसं तिथे भेटतात.

मुख्याध्यापकांना द्यायच्या अर्जासोबत न्यूरोलॉजिस्टचं पत्र जोडा. त्यात नुसतं "एमएस आहे" असं नको. सलग किती मिनिटं चालल्यावर पाय घासतो, किती विश्रांतीने सावरतो, जिने दिवसातून किती वेळा झेपतात, हे आकड्यांत लिहून घ्या. आकडे तुमच्याच वहीतून द्यायचे आहेत, म्हणून नोंदी याच आठवड्यात सुरू करा.